पाच फूट सहा इंच

गणपतीला भाचा जर्मनीहून आला तो एलजीबीची आगगाडी घेऊन. मखराभोवती रूळ मांडून त्याने ती सोडली. उदबत्तीत तापलेल्या मोटरचा वास मिसळला आणि मला माझे वडील, आप्पा आठवले, रुळांत आडवे झालेले.

कोकण रेल्वे सुरू व्हायच्या आधी, कुवारबावला नुकते रूळ पडले होते तेव्हाची गोष्ट. आप्पांनी चष्मा माझ्याकडे दिला आणि सरळ स्लीपरवर निजले. टाळू एका रुळाला, टाचा दुसऱ्याला. "बघ, बरोब्बर मी!" ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. आपली उंचीही तेवढीच, असं ते सांगत.

भाच्याची गाडी स्वित्झर्लंडच्या रेशियन रेल्वेची, मीटरगेजवाली. रूळ ४५ मिलिमीटर, प्रमाण १:२२.५. पण याच रुळांवर १:३२च्या गाड्याही धावतात आणि तेव्हा तेच ४५ मिलिमीटर युरोपातल्या १४३५च्या रुळांचे होतात. रूळ तसाच, गाडी लहान केली की गेज वाढला! हे डोक्यात शिरेना, म्हणून मी आप्पांनाच लहान करून पाहिलं. साडेबाविसाव्या हिश्शाचे आप्पा चौऱ्याहत्तर मिलिमीटर भरतात, पाय रुळाबाहेर. १:३२ला बावन्न, तरी गुडघे मुडपावे लागतात. नीट निजवायचे तर १:३७ हवं, आणि त्या मापाचा डबा मी कुठल्या दुकानात पाहिलेला नाही. कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय तासन् तास बघावं असं, पण तिथल्या १:८७ला जगभर रूळ चालतो साडेसोळा मिलिमीटरचा. गुणा, पुन्हा १४३५. आमचा ब्रॉडगेज कोणाच्या खिजगणतीत नाही, हा माझा जुना राग.

हा ब्रॉडगेज आला तरी कुठून? सिम्स या इंजिनिअरने साडेपाच फूट सुचवले, डलहौसी सहावर अडला होता, ईस्ट इंडिया कंपनीने साडेपाच ठरवले. १८५३ची बोरीबंदर–ठाणे गाडी त्यावरच धावली. डलहौसीचं चाललं असतं तर आप्पा अर्धा फूट कमी पडले असते.

हा हिशेब आईला ऐकवला. मोदकाची पारी वळता वळता ती म्हणाली, "साडेपाच कुठले? पाच-चार होते. साडेपाच स्थळ सांगताना लिहिलेलं. माझ्या वडलांनी दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं होतं त्यांना."

"मग टाचा रुळाला कशा लागल्या?"

"चपला काढल्या होत्या का त्यांनी?"

ते मला आठवत नाही. आईचं मात्र सुरू झालं होतं: स्थळात पगारही पंधरा रुपयांनी वाढवून लिहिला होता म्हणे.