चिऱ्याची भिंत

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनजवळच्या आमच्या घराची कौले उडाली. तेव्हापासून जमेल त्या शनिवारी पहाटेची एसटी पकडतो, रविवारी रात्री मुंबईला परततो. छप्पर झाले, भिंती राहिल्या. आखातातला धाकटा भाऊ फोनवर म्हणतो, "भाई, विकून टाका ते." मी विषय बदलतो.

गवंडीचाचांनी आधी जांभ्यावरचा सिमेंटचा गिलावा काढायला लावला. "चिरा पाणी पितो, त्याला सुकायला वाट हवी. चुनाच लावा," म्हणाले. तो गिलावा अब्बांनी कुवेतच्या पहिल्या कमाईतून, मोठ्या हौसेने करून घेतला होता. छिन्नी मारताना हात अडखळला. आतला चिरा ओलाच निघाला. आता पावसाआधी उरलेली अर्धी भिंत उकलायची आहे.