वरच्या मजल्यावरची नव्वदी

नागरवाडा, वडोदरा

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आजपासून आमच्या भागातल्या अतिवृद्धांच्या घरी जायला लागले. आहारशास्त्र शिकवण्यात सारी नोकरी सरली, आणि ‘साठ व त्यापुढे’ हा तक्त्यातला शेवटचा रकाना तेव्हापासून खटकत आला. एकसष्टचे काका स्कूटरवर कामाला जातात, एक्याण्णवचे आबा भिंत धरून न्हाणीघर गाठतात. दोघांची सरासरी काढली तर दोघांपैकी कुणाचीच तब्येत कळत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत पंचेचाळीस व त्यापुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची माहिती घेतली. त्यांत साठीपुढचे ३१,४६४ आणि पंचाहत्तरीपुढचे ६,७४९. नव्वदीतले त्याहून कितीतरी कमी असणार.

पहिल्याच घरी वयाचा प्रश्न निघाला. आधार कार्डावर आजींची जन्मतारीख १ जून १९३६. शाळेच्या दाखल्यांवर सर्रास दिसणारी ही १ जून. आजी म्हणाल्या, “अगं, सयाजीराव महाराज गेले तेव्हा मी पहिलीत होते. शाळेला सुट्टी दिली होती.” महाराज गेले ६ फेब्रुवारी १९३९ रोजी. म्हणजे आजी अठ्ठ्याऐंशीच्या नव्हेत, ब्याण्णवच्या आसपासच्या. या वयात चार वर्षांनी पुष्कळ फरक पडतो. म्हणून वय कार्डावरून उतरवायचं नाही, आठवणीतल्या मोठ्या घटनांशी ताडून पाहायचं.

१२ जानेवारी, रविवार

आबांनी तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला. आज मुठीचा जोर मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. काटा १९ किलोवर थांबला. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार पुरुषांचा जोर २८ किलोंच्या आणि बायकांचा १८ किलोंच्या खाली गेला, तर स्नायू क्षीण झाल्याची शंका घ्यावी.

मग चालण्याची चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. पुढच्या खोलीत तीन मीटर मोकळी जागाच नव्हती. टीपॉय, शिलाई मशीन आणि वर्तमानपत्रांची थप्पी हलवली तेव्हा कुठे वाट झाली. बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका धरतात; आबांना एकवीस लागले. सूनबाईंना म्हटलं, ही वाट आता अशीच मोकळी राहू द्या, आणि रात्री न्हाणीघराकडचा दिवा चालू ठेवा.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. सगळा नागरवाडा गच्चीवर, भोंगे आणि ‘काप्यो छे’चा गजर. आजी खाली झोपाळ्यावर एकट्या. घरचे वर असल्यामुळे आज पहिल्यांदाच त्यांच्याशी निवांत बोलता आलं. एरवी मी “आजी, झोप लागते का?” विचारलं की मुलगा सांगतो, “लागते की, छान लागते.” आज त्या स्वतः बोलल्या, “पहाटे तीनला जाग येते. ऐकायला कमी येतं, म्हणून कुणी काही सांगत नाही; आणि सारखं ‘काय? काय?’ विचारायचं, म्हणून मीही गप्प राहते.”

ऐकू न येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या घटकांपैकी एक आहे, असं ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ पासून सातत्याने मांडलं आहे. कानातला मळ काढणं आणि श्रवणयंत्राची तपासणी करणं स्मरणशक्ती जपायलाही मदत करू शकतं. आणि वृद्धांना विचारायचे प्रश्न वृद्धांनाच विचारायचे, घरच्यांना बाजूला बसवून.

१९ जानेवारी, रविवार

आज ताटं पाहिली. कवळी सैल झाल्यापासून एका आजींची भाकरी सुटली, मग उसळ, मग कोशिंबीर. उरलं काय? चहा-टोस्ट आणि मऊ खिचडी. पोट भरतं, पण स्नायूंना लागणारी प्रथिनं जात नाहीत. पाठ वाकल्यावर उंची नीट मोजता येत नाही, त्यामुळे उंची-वजनाचं गणित फसतं. अशा वेळी पोटरीचा घेर घ्यावा. तो ३१ सेंटिमीटरच्या आत आला तर पोषणाकडे तातडीने पाहावं. आजींचा २८ भरला. त्यांच्यासाठी पातळ मुगाचं वरण, दह्यात कालवलेला भात, दुधातलं सत्त्व आणि कुटलेले शेंगदाणे लिहून दिले. पण यादीत पहिलं काम लिहिलं ते कवळी दुरुस्तीचं. शाकाहारी घर असल्याने बी-१२ ची तपासणीही सुचवली.

२६ जानेवारी, रविवार

रक्तदाब आज आडवं असताना घेतला आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतला. एका काकांचा वरचा आकडा १४८ वरून ११६ वर आला. वीसहून जास्त उतार पडला तर चक्कर येऊन माणूस पडू शकतो. बसून एकदाच मोजला असता तर हे कळलंच नसतं. गोळ्या मनाने बंद करू नका, पण या दोन आकड्यांचा कागद डॉक्टरांना दाखवा, असं मुलीला सांगितलं.

रात्री इंग्लंडमधल्या न्यूकासलचा अभ्यास पुन्हा वाचला. १९२१ साली जन्मलेल्या माणसांकडे २००६ पासून परिचारिका घरोघर गेल्या. एकही माणूस पूर्ण निरोगी निघाला नाही. तरीही आपल्या वयाच्या इतरांशी तुलना करता आपली तब्येत चांगली आहे, असं तीनचतुर्थांशांहून अधिक जणांनी सांगितलं. नागरवाड्यात मलाही हेच दिसतं. आजाराची नावं मोजून नव्वदीतलं माणूस कळत नाही. स्वतः अंघोळ करता येते का, कपडे घालता येतात का, हाताने जेवता येतं का, यावरून कळतं.

२ फेब्रुवारी, रविवार

ज्यांना भेटले त्यांतले बरेच जण वरच्या मजल्यावर राहतात आणि जिना त्यांच्याने उतरवत नाही. सत्तर व त्यापुढच्या वृद्धांना आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले, ही मोठी सोय झाली. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यानंतरची. आरोग्य शिबिरही मैदानात भरतं. तिथे चालत येणारेच नोंदले जातात, आणि ज्यांची तब्येत सर्वांत नाजूक तेच आकडेवारीतून गळतात. अतिवृद्धांचा अभ्यास करायचा तर जिना अभ्यासकाने चढला पाहिजे.

आणि वाचकहो, घरात नव्वदीचं माणूस असेल तर अभ्यासकाची वाट पाहू नका. एक वही ठेवा. दर महिन्याला पाच गोष्टी लिहा: वजन, पोटरीचा घेर, तीन मीटर जाऊन-येऊन लागलेला वेळ, आडव्या व उभ्या स्थितीतला रक्तदाब, आणि ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ या प्रश्नाला त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. मदत लागली तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १४५६७.