मुंबई रक्तगट आणि आमचें गणगोत

रक्ताचें नातें हा शब्द आपण मराठी माणसें फार सढळ हातानें वापरतों. वांटणीच्या वेळीं तो आठवतो, सुतकांत आठवतो, आणि सोयरीक जमवितांना तर तें नातें पिढ्यांच्या हिशेबानें मोजलें जातें. परंतु जें रक्त आपण या नात्याची साक्ष म्हणून पुढें करितों, त्याला स्वतःला कांहीं सांगावयाचें असल्यास तें ऐकून घेण्याची आपली तयारी असते असें आम्हांस दिसत नाहीं. हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तो घोडेगांवांत बसून. पुढें तो मुंबई, लंडन, इस्रायल आणि जर्मनी असा फिरून पुन्हां आमच्याच गणगोतांत येऊन थांबला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें योजिलें आहे.

घोडेगांव हें आंबेगांव तालुक्याचें ठाणें. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें मूळ गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. नांव मात्र दप्तरीं राहिलें. मंचरहून भीमाशंकरास जाणारा रस्ता आमच्या गांवावरून जातो. वर डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या, खालीं घोड नदीच्या कांठानें बागायतीचीं गांवें. माणसें कितीही निरनिराळीं असोत, सोयरिकी बहुधा ओळखीच्या चार घरांतच फिरतात. मामाची मुलगी तर आमच्याकडे हक्काची. आमची आजी ही आमच्या आजोबांच्या मामाचीच मुलगी, आणि ही गोष्ट घरांत कौतुकानें सांगितली जात असे. सासू म्हणजे सख्खी आत्या. मग सासुरवास तो कसला!

चुलतभावाच्या घरीं हीच रीत पुढें चालली. त्याच्या थोरल्या मुलीस पहिल्या बाळंतपणांत रक्तस्राव फार झाला आणि तिला पुण्यास न्यावें लागलें. तिच्या कार्डावर ‘ओ’ गट लिहिलेला होता. कोणा एका प्रयोगशाळेनें पूर्वीं तसा दाखला दिला होता. ‘ओ’ रक्त काय, कोठेंही मिळेल, असें जो तो म्हणत होता. परंतु जुळवून पाहूं लागले तों ‘ओ’ ची एकही पिशवी तिच्या रक्ताशीं जुळेना. थेंबाशीं थेंब मिळविला कीं पेशींचे पुंजके बनत. पहांटे एक वयस्क तंत्रज्ञ बाहेर आले. त्यांनीं दोनच प्रश्न विचारले: “हिला सख्खें भावंड आहे का? आणि हिचे आईवडील नात्यांतले आहेत का?” दुसऱ्या प्रश्नाचा रक्ताशीं काय संबंध, हें त्या घटकेस तेथें कोणास समजलें नाहीं. भाऊ होता. त्याचें रक्त जुळलें. मुलगी वांचली.

तिचा गट ‘ओ’ नव्हता. तो मुंबई गट होता. १९५२ सालीं मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. वाय. एम. भेंडे यांस अशीं तीन माणसें आढळलीं, कीं ज्यांचें रक्त ‘ए’ नाहीं, ‘बी’ नाहीं, आणि वरून ‘ओ’ सारखें दिसत असूनही ‘ओ’ रक्ताशीं वैर धरणारें. लँडस्टायनरनें १९०१ सालीं घातलेल्या चौकटींत त्यांना जागाच नव्हती. नमुना बिघडला असेल, नळी धुतली नसेल, असें म्हणून तो प्रकार टाकून देणें किती सोपें होतें! भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनीं तसें केलें नाहीं. लंडनच्या लिस्टर संस्थेंत रक्तगटांवर काम करणाऱ्या मंडळींशीं त्यांनीं हातमिळवणी केली, आणि त्याच वर्षीं ‘लॅन्सेट’ मध्यें जो लेख आला त्यावर सात नांवें होतीं: आरंभीं भेंडे, देशपांडे, भाटिया, मागून रूथ सँगर, रेस, मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. स्वराज्य येऊन पुरतीं पांच वर्षेंही झालीं नव्हतीं, त्या काळांत हा क्रम आम्हांस विशेष वाटतो. ज्यांच्या दारीं कोडें आलें त्यांचीं नांवें आधीं, ज्यांच्याजवळ तें उलगडण्याचीं साधनें होतीं त्यांचीं मागून. आजही सर्वत्र असें घडतेंच असें नाहीं. त्या तिघां रक्तदात्यांचीं नांवें मात्र आपणांस ठाऊक नाहींत, आणि तीं तशीं नसणेंच योग्य.

कोड्याचें उत्तर मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या रसायनशास्त्रानें दिलें. तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोंकास एक विकर फ्यूकोज नांवाची साखर चिकटवितें. या रचनेस ‘एच्’ म्हणतात. या ‘एच्’ वर ‘ए’ चें किंवा ‘बी’ चें चिन्ह बसतें. कांहींच बसलें नाहीं तर तो ‘ओ’. ‘एच्’ ही भिंतीवरली खुंटी म्हणावी. मुंबई गटाच्या माणसाजवळ ती खुंटी घडविणारें विकरच नसतें. मग घरांत पगडी असो वा उपरणें असो, टांगावयाचें कोठें? त्याच्या शरीरास ही खुंटी परकी वाटते, आणि ‘ओ’ च्या पेशींवर तर तिची रेलचेल. म्हणून सर्वांस चालणारें रक्त यालाच तेवढें विषासारखें होतें. पगडी घरांत असते, ती दिसत मात्र नाहीं. म्हणून वरून ‘ओ’ भासणाऱ्या बापाच्या पोटीं ‘ए’ गटाचें मूल सहज येतें. अशा प्रसंगीं एखाद्या निरपराध स्त्रीवर केवढें बालंट येऊं शकेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

हा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोहोंकडून आला तरच प्रगट होतो. एकाकडूनच आला तर माणूस तो जन्मभर न कळत वागवितो. आतां त्या तंत्रज्ञांच्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ लागतो. युरोपांत लाखांत, किंबहुना दहा लाखांत एखादा असा निघेल; मुंबईंत मात्र भाटिया आणि साठे यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत सुमारें ७,६०० माणसांत एक, असें प्रमाण आलें. १९५७ सालीं मुंबईंत निघालेलें रक्तगट संदर्भ केंद्र आज परळास के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या नांवानें उभें आहे.

येथवर रोग असा कांहीं नाहीं. मुंबई गटाचा माणूस धडधाकट असतो. परक्या रक्ताची गरज पडेपर्यंत त्याला स्वतःला पत्ताही नसतो. परंतु १९९२ सालीं इस्रायलांत फ्रिडमन, एट्झिओनी आणि त्यांचे सहकारी यांनीं दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही कुटुंबें निरनिराळीं, दोहोंकडे आईबाप नात्यांतले. मुलांस वरचेवर भयंकर जंतुदोष होई. रक्तांत पांढऱ्या पेशी नेहमींच्या अनेक पट, आणि तरीही जखमेंत पू धरत नसे. शरीराची आणि बुद्धीची वाढ खुंटलेली. आणि रक्तगट? मुंबई!

खुंटी नाहीं म्हणून कोणी आजारी पडत नाहीं, हें मुंबईच्या माणसांवरून ठाऊक झालेलें होतें. तेव्हां या मुलांत सुताराचा दोष नसून लांकडाचाच पुरवठा बंद पडला असला पाहिजे, असा तर्क निघाला, आणि तो खरा ठरला. फ्यूकोज त्यांच्या पेशींत कोठेंच नीट लागत नव्हतें. पांढरी पेशी रक्तप्रवाहांतून जखमेकडे वळते ती नळीच्या भिंतीस धरीत, गडगडत; घोड नदीच्या पुरांत सांपडलेला माणूस कांठच्या झाडोऱ्यास धरूं पाहतो तशी. ही पकड फ्यूकोजच्या साखळीवर अवलंबून असते. ती नसल्यामुळें पेशींचे लोंढे नुसते वाहून जात. १९९९ सालीं जर्मनींत अशाच एका मुलास फ्यूकोज तोंडावाटे देण्यांत आलें. त्याचे जंतुदोष थांबले आणि पांढऱ्या पेशींची संख्या ताळ्यावर आली. इस्रायलांतील मुलांवर मात्र तोच उपाय चालला नाहीं. २००१ सालीं जर्मनींतील दोन गटांनीं मूळ बिघाड शोधून काढला: पेशीच्या आंत जेथें या साखळ्या जुळविल्या जातात तेथवर फ्यूकोज वाहून नेणारा हमालच जायबंदी होता. प्रत्येक घराण्यांत त्याची इजा निराळी, म्हणून औषधाचा गुणही निराळा. या रोगाचे रुग्ण सर्व जगांत मिळून अद्यापि फार थोडे नोंदले गेले आहेत. एका देशांतल्या एका वैद्यास आयुष्यांत एखादाही दिसावयाचा नाहीं. अशा रोगाचें ज्ञान कोणा एकाच्या घरीं पिकणें शक्यच नाहीं. मुंबईची टिपणें हाताशीं नसतीं तर त्या दोन मुलांच्या रक्तगटावरून कोणास काय उमजलें असतें?

परंतु परदेशीं पाठविलेल्या कुपींपेक्षां अवघड असें एक सहकार्य आहे, आणि तें आम्हांस आमच्या चुलतभावाच्या ओटीवर भेटलें. डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं घरांतील सर्वांचें रक्त तपासून घ्या. या भावंडांत प्रत्येकाचा हा गट असण्याचा संभव चारांत एक. साधें सांठविलेलें रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकतें, तेव्हां देणारा कोण आणि कोठें आहे, हें आधींच ठाऊक असलेलें बरें. मुलानें आपलें नांव दुर्मिळ रक्तदात्यांच्या यादींत घालूं दिलें. एका रात्रीं फोन आला तेव्हां तो मिळेल त्या गाडीनें मुंबईस गेला आणि एका अनोळखी बाईसाठीं रक्त देऊन आला. ही गोष्ट बाप चारचौघांत छाती फुगवून सांगतो. पण धाकट्या मुलीचा विषय काढला कीं तो गप्प होतो. आम्ही फार खनपटीस बसलों तेव्हां म्हणाला, “दादा, मुलाचं निराळं असतं. पोरीचं एकदां कागदावर चढलं कीं गांवभर होतं. मग तिला कोण करून घेईल?”

त्याला आम्ही सांगून पाहिलें कीं हा रोग नव्हे, यांत लाज कसली. उलट बाळंतपणाच्या वेळीं हें ठाऊक नसणें हाच खरा धोका, थोरलीचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. त्याचें म्हणणें असें कीं थोरली वांचली ना! वहिनी आंतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि चहाचे कप उचलून काहीं न बोलतां आंत गेल्या.

धाकटीचें रक्त अद्यापि तपासलेलें नाहीं. तिला स्थळें पाहणें चालू आहे. दोन मंचरकडचीं आहेत, आणि तिसरें, घरांतल्या वडीलधाऱ्यांस सर्वांत पसंत असलेलें, तिच्या मामाकडचें आहे.