गॅलिलिओ जेवायला बसतो

जर्मन नाटककार ब्रेख्तचं ‘गॅलिलिओ’ वर्गात शिकवताना शेवटून दुसऱ्या प्रवेशाशी माझी चाल मंदावते. नजरकैदेतला, डोळे अधू झालेला म्हातारा. कुणीतरी धाडलेले हंस, त्यांची कलेजी त्याला हवीय. धर्मपीठापुढे माघार घेतली म्हणून दुरावलेला शिष्य आन्द्रेआ भेटायला आलाय, आणि पृथ्वीच्या गोलात दडवलेलं हस्तलिखित म्हातारा त्याच्या हवाली करतो. आन्द्रेआ हरखतो. माघार कसली, हा तर गनिमी कावा! वर्गही खुलतो. गनिमी कावा आमच्या मुलांना शिकवावा लागत नाही.

१९३८ साली, नाझींपासून पळून डेन्मार्कात राहताना केलेल्या पहिल्या खर्ड्यात ब्रेख्तही गॅलिलिओशी बराच मवाळ होता. पुढे कॅलिफोर्नियात चार्ल्स लॉटन या नटाबरोबर तो नाटकाचं इंग्रजी रूप घडवत होता. लॉटनला जर्मन येईना, ब्रेख्तचं इंग्रजी मोडकं. दोघं एकमेकांना प्रसंग करून दाखवत. त्यातच ६ ऑगस्ट १९४५ उजाडला. हिरोशिमा जळलं. आता गॅलिलिओ शिष्याचं कौतुक झिडकारतो. छळाची हत्यारं पाहून भ्यालो, म्हणतो. ज्ञान सत्तेच्या हाती दिलं, तिनं ते वापरावं नाहीतर नासवावं.

“पण सर, तो मेला असता तर पुस्तक कुणी लिहिलं असतं?” हा प्रश्न येतोच, आणि तो खरा आहे. गॅलिलिओचं ते पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडात, लायडनला छापलं गेलं. १६३३ च्या माघारीपासून अणुबॉम्बपर्यंत ब्रेख्तनं ओढलेली रेघ मला फारच सरळ वाटते, तसं मी सांगतोही. तरी तो प्रवेश सोडत नाही. रंगमंचावर ना स्फोट, ना प्रेत. म्हातारा मुनिमासारखा स्वतःच्या नावे देणं मांडतो, मुलगी ताट आणते, आणि तो जेवायला बसतो. भूक शाबूत! इथं मला काही समजावता येत नाही.

३० ऑक्टोबर १९४७ ला ब्रेख्त स्वतःच वॉशिंग्टनमध्ये चौकशी समितीपुढे उभा राहिला, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून. गुळगुळीत उत्तरं देऊन सुटला, दुसऱ्याच दिवशी युरोपला निघून गेला. हे सांगितलं की मागच्या बाकांवरून हशा येतो: “म्हणजे हासुद्धा!” एका मुलीनं मात्र विचारलं, गॅलिलिओची ती कबुली त्यानं साक्षीआधी लिहिली की नंतर? आधी, लॉस एंजेलिसचा प्रयोग जुलैतच झाला होता. आणि बर्लिनला परतल्यावर, १९५६ मध्ये आजारानं गाठेपर्यंत, तो त्याच नाटकाच्या तालमी घेत होता. गॅलिलिओला त्यानं तेव्हाही माफी दिली नाही.