हर्णैहून मुंबई, पाण्यावरून

मुंबईला जायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते एस.टी. स्टँड, नाहीतर पनवेलच्या अलीकडे खोळंबलेली गाड्यांची रांग. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि समुद्र हीसुद्धा एक वाट होती, हे आपण जवळजवळ विसरूनच गेलो. मागच्या पिढीला मात्र मुंबईला जाणं म्हणजे ‘बोटीनं जाणं’. रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरं घेत आगबोट यायची. हर्णैला ती लांबच उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यावं लागायचं.

आमचे मामंजी परळच्या गिरणीत होते. शिमग्याला आणि मे महिन्यात बोटीनं गावी यायचे; पावसाळ्यात बोटी बंद. सासूबाई मात्र त्या बोटीत कधीच बसल्या नाहीत. एका खोलीत दहा गडी झोपायचे, तिथं बायकोला कुठं नेणार? बंदरापर्यंत पोचवायला जायचं, पडाव दिसेनासा झाला की घरी येऊन गोठा झाडायचा, एवढाच त्यांचा बोटीशी संबंध. म्हणून धाकटे भाऊजी मर्चंट नेव्हीतून निवृत्त होऊन त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली, आणि ती गेल्या डिसेंबरात मुंबईला न्यायची ठरली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, “मी येत्ये.” घरात दोन दिवस वाद झाला. त्या वादात न पडता भाजणी दळून आणण्यात गुंतल्या होत्या.

या वाटेचं गणित वाऱ्यावर आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा पाणी शांत. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो आणि मुंबईकडे जाणाऱ्याच्या तो बरोबर तोंडावर येतो. म्हणून उजाडताच निघायचं आणि दुपार चढायच्या आत जमेल तेवढं अंतर कापायचं. बोटीला इंजिन होतं, तरी ताशी पाच-सहा सागरी मैल ही तिची चाल. त्यामुळे दोन दिवस धरले होते.

खाण्याचं म्हणाल तर तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, केळी आणि भरपूर पाणी. बोट लागेल म्हणून उपाशी राहणाऱ्या बायकांनाच ती जास्त लागते. थोडं थोडं कोरडं खावं, आलेपाक जिभेखाली ठेवावा आणि खाली केबिनमध्ये न बसता क्षितिजाकडे बघावं. चहा करताना भांडं उंच घ्यावं आणि अर्धंच भरावं. नऊवारी पाण्यावर पाचवारीपेक्षा कितीतरी सोयीची, हे मला सासूबाईंकडे पाहून पटलं! लाइफ जॅकेट मात्र त्यांना नऊवारीवरच चढवलं. त्याला त्यांनी हूं की चूं केलं नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या त्या पिढीला हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुवर्णदुर्ग मागे टाकला तेव्हा नुकतं तांबडं फुटत होतं. बाणकोटची खाडी, हरिहरेश्वरचा काळा कातळ, श्रीवर्धनची माडांची रेघ. गाडीतून ही गावं एकमेकांपासून फार लांब वाटतात, कारण प्रत्येक खाडीला वळसा पडतो. पाण्यावरून ती शेजारणींसारखी एका ओळीत बसलेली दिसतात. दुपारी राजपुरीच्या खाडीत नांगर टाकला. समोर जंजिरा. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दींच्या हातून तो कुणालाच घेता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मला काम मिळालं. या पट्ट्यात कोळ्यांची डोल जाळी लावलेली असतात. त्यांचा दोर पंख्यात अडकला की बोट जागीच थांबते, शिवाय गरिबाच्या जाळ्याचं नुकसान होतं ते वेगळंच. “वहिनी, बोयऱ्यांवर नजर ठेवा,” म्हणून भाऊजींनी मला पुढं बसवलं. त्या नादात पद्मदुर्ग आणि कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला मी ओझरतेच पाहिले, पण जाळी चुकवणं मला आवडलं. तांदूळ निवडण्याचीच सवय ती.

अलिबागच्या कुलाब्यापुढं, थळच्या समोर, खांदेरी लागला. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला तेव्हा मुंबईचे इंग्रज हादरले होते. आता तिथं १८६७ सालचा दीपस्तंभ आहे, आणि २०२५ मध्ये सुवर्णदुर्गाबरोबर खांदेरीचंही नाव युनेस्कोच्या यादीत गेलं. नेमका तिथंच वारा फिरला. बोट आपटू लागली, पाण्याचे सपकारे अंगावर यायला लागले. भाऊजींनी विचारलं, “आई, मांडव्याला उतरवू का? तिथून गाडीनं जाल.” सासूबाईंनी पदर डोक्याला घट्ट आवळला. “ते कधी मांडव्याला उतरले होते काय?”

पुढचे दोन तास कुणी बोललं नाही.

मुंबई आधी दिसते ती धुरकट पट्टीसारखी. मग त्यातून उंच इमारती एकेक करून वर येतात आणि कुलाब्याच्या टोकाशी १८७५ सालचा प्राँग्जचा पट्टेरी दीपस्तंभ. बंदरात शिरलं की पाणी एकदम निवतं. नांगरलेली मोठाली जहाजं, त्यांच्यामधून आपली एवढीशी बोट, आणि समोर १९०३ चं ताज, शेजारी १९२४ चा गेटवे. या शहरानं आपला दर्शनी दरवाजा समुद्राकडे काढलेला आहे. आपण आजवर मागच्या दारानंच येत होतो, असं मला वाटलं.

पण सासूबाईंना गेटवेशी काही देणंघेणं नव्हतं. “भाऊचा धक्का कुठाय?” भाऊजींनी नौदलाच्या हद्दीपासून लांब राहून बोट उत्तरेला नेली. माशांच्या टोपल्या, लाँचींची गर्दी, मांडव्याला जाणारी रो-रो बोट, पलीकडे अटल सेतू. सासूबाई बराच वेळ धक्क्याकडे पाहत राहिल्या.

“इथून परळ किती लांब?”

“पाच किलोमीटर तरी असेल.”

“मला सांगायचे, धक्क्यावर उतरलं की चार पावलं चाललं, आली खोली.” थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “ट्रंक डोक्यावर घेऊन?”

भाऊजींनी बोट वळवली. आम्ही गेटवेसमोर नांगर टाकला आणि लाँचनं पायऱ्यांशी आलो. ओहोटीला त्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा चप्पल हातात घ्यावी आणि लाँचवाल्या पोरानं हात पुढं केला तर संकोच करू नये. सासूबाईंनी केला नाही.