नासमधला कॅमेरा

आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "नास? हे काय नाव झालं? दूध नासल्यासारखं वाटतं!" मी खुलासा केला की आपण लिहिताना नास लिहिलं तरी इथले लोक 'नेस' म्हणतात. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. "मग नऊवारी नेस म्हणावं!" तेव्हापासून आमच्या घरात आयर्लंडच्या या गावाला 'नऊवारी' हेच नाव पडलं.

आयरिश भाषेत मात्र या गावाचं नाव मोठं भारदस्त आहे: 'नॉस ना री', म्हणजे राजांच्या सभेची जागा. लेन्स्टर प्रांताचे राजे कधीकाळी इथे जमत. आता राजे गेले, सभा राहिली. किल्डेअर परगण्याचा कारभार इथूनच चालतो. डब्लिनपासून साधारण तीस-पस्तीस किलोमीटर, लोकवस्ती २०२२च्या जनगणनेत सव्वीस हजारांच्या घरात. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला कोणी शहर म्हणणार नाही, पण इथे एक लांबलचक मेन स्ट्रीट, त्यावर जुनं कोर्ट, १९२४ पासूनचं रेसकोर्स आणि चार-पाच किलोमीटरवर पंचेसटाउनचं दुसरं रेसकोर्स असा सगळा थाट आहे. आयर्लंडमधला पहिला मोटरवे १९८३ साली बांधला गेला, तोही नासला वळसा घालणारा. त्या रस्त्याच्या कडेला रस्त्यावरचे पट्टे रंगवलेला एक प्रचंड गोळा आहे. शिल्पाचं नाव 'परपेच्युअल मोशन', पण सगळे त्याला नुसतं 'बॉल' म्हणतात. घरी येताना तो दिसला की मुलं ओरडायची, "आलं नऊवारी!"

मी डब्लिनला एम.एस. करायला आलो आणि इतरांसारखाच 'दोन वर्षं नोकरी करून परत' असं म्हणत इथेच राहिलो. २०१० साली आई-आबा पहिल्यांदा आमच्याकडे यायचे ठरले. आबा फलटणचे. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी, त्यातली बरीच वर्षं नीरा उजव्या कालव्यावर. छंद म्हणाल तर एकच, फोटोग्राफी. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल आणि धुलाईचा खर्च पगारातून काढायचा, त्यामुळे एक फोटो काढायच्या आधी आबा पाच मिनिटं उभे राहून नुसते बघत. आम्ही भावंडं उन्हात घामाघूम होत असू. तो कॅमेरा कधीच निकामी झाला होता. मी मनाशी ठरवलं, आबा आले की त्यांच्या हातात डिजिटल कॅमेरा द्यायचा.

१० एप्रिलच्या शनिवारी गावातल्याच एका दुकानातून कॅमेरा घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही, त्याची जरूरही नाही. इंजिनिअर माणूस ज्या पद्धतीने खरेदी करतो तशीच मी केली. तीन मॉडेलांचे आकडे कागदावर मांडले, मेगापिक्सेल मोजले, झूम मोजला आणि त्यातला सगळ्यात चकचकीत निवडला. पत्त्याच्या कॅटएवढा, मागे भलामोठा पडदा. २२९ युरो. काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "कुणासाठी घेताय?" मी म्हटलं, "घरासाठीच." हे उत्तर मला पुढे महागात पडलं.

आई-आबा १६ तारखेला पोचायचे होते. १४ एप्रिलला आइसलंडच्या ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला, राखेचा ढग युरोपवर पसरला आणि दुसऱ्याच दिवसापासून विमानं बंद. मुंबईला मामाच्या घरी दोघं बॅगा भरून बसले होते. आईचं मत असं की आपण निघालो की काहीतरी होणारच. शेवटी २४ तारखेला ते आले. कॅमेरा तोवर खोक्यातच होता, कारण मला तो आबांच्याच हाताने उघडायचा होता. आबांनी तो उघडला, "छान आहे हो" म्हणाले, आणि खोका, पिशव्या, कागद सगळं जसंच्या तसं आपल्या पलंगाखाली ठेवून दिलं. मी म्हटलं, आबा, टाकून द्या. ते म्हणाले, "असू दे, खातं न मागता काही मागत नसतं."

आबा रोज सकाळी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला घेऊन कालव्यावर फिरायला जायचे. डब्लिनपासून शॅनन नदीपर्यंत जाणारा ग्रँड कॅनॉल आमच्या शेजारच्या सॅलिन्स गावातून जातो आणि त्याचा एक फाटा १७८९ पासून नासपर्यंत येतो. आबांच्या दृष्टीने आयर्लंड म्हणजे हा फाटा. आपल्याकडचा कालवा शेताला पाणी द्यायला वाहतो, पाळी असते, आवर्तन असतं, चारीवर भांडणं असतात. इथला कालवा जवळजवळ उभाच. तो पाण्यासाठी नाही, बोटींसाठी. बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर न्यायला लॉक असतात. दोन बाजूंना लाकडी दरवाजांच्या जोड्या, मधे दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, झडपा उघडून हौद भरायचा, बोट आपोआप वर येते. पंप नाही, वीज नाही. दरवाजे पाण्याच्या दिशेने टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाब वाढेल तसे घट्ट बसतात. आबा हे बघून एवढे खूष झाले की मला ऑफिसात फोन आला. "अरे, दाबानंच दार बंद! गेट धरायला माणूस लागत नाही!" सॅलिन्सजवळ कालवा लिफी नदीच्या डोक्यावरून पुलावर जातो, ते पाहून तर ते अर्धा तास बोललेच नाहीत.

पण संध्याकाळी फोटो कॉम्प्युटरवर टाकले की माझी निराशा व्हायची. अर्धं आकाश, अर्धा खांब. लॉकच्या दाराऐवजी गवत. नातीच्या फोटोत डोकंच नाही. मी दोन-तीनदा समजावून सांगितलं. "आबा, हात हलवू नका. आबा, पडद्यावर बघून नीट फ्रेम करा." ज्यांनी मला फ्रेम म्हणजे काय ते शिकवलं, त्यांना मी हे सांगत होतो. ते मान डोलवायचे. मनात मी कॅमेऱ्यालाही शिव्या दिल्या. एवढे मेगापिक्सेल आणि हे असले फोटो!

८ मेच्या शनिवारी सकाळी आम्ही सगळेच कालव्यावर गेलो. स्वच्छ ऊन पडलं होतं. आबांनी कॅमेरा हात लांब करून धरला आणि बटण दाबलं. मी पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, आबांना त्यात काही दिसतच नाही. ते अंदाजाने काढतात. मी सांगते, वर करा, खाली करा."

मी कॅमेरा हातात घेतला. उन्हात पडदा पार काळा दिसत होता. मला स्वतःला नीट दिसेना. आबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा व्हायचा. जवळचं दिसायला चष्मा लागतो, आणि हात लांब केला की चष्म्याचा उपयोग नाही. क्लिक थ्रीला डोळा लावायला खिडकी होती. या कॅमेऱ्याला खिडकीच नव्हती.

"आबा, बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं आणलास," ते म्हणाले. "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

घरी येऊन पावती शोधली. मागे छापलं होतं, न वापरलेली वस्तू अठ्ठावीस दिवसांत बदलून मिळेल. १० एप्रिल ते ८ मे, आजचाच दिवस शेवटचा! राखेच्या ढगाने आठ दिवस खाल्ले होते. आणि कॅमेरा तर वापरलेला. बायको म्हणाली, "सांग ना बिघडलाय म्हणून. फोटो बघून कुणाचाही विश्वास बसेल." खरं सांगतो, मीही तोच विचार करत होतो. आबा मोजे घालत होते, ते थांबले.

"बिघडलाय का तो?"

"नाही."

"मग तसं सांगायचं असेल तर मी येत नाही. आणि माझ्यासाठी परत करू नकोस."

मंडळी, इथे थोडं कायद्याचं सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. आयर्लंडच्या १९८० च्या कायद्याप्रमाणे वस्तू चांगल्या प्रतीची, वर्णनाप्रमाणे आणि कामाला योग्य असावी लागते. नसेल तर दुकानदार जबाबदार, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावून त्याची सुटका नाही. आता २०२२ चा नवा कायदा आहे, त्यात सदोष वस्तूसाठी पहिल्या तीस दिवसांत पैसे परत घ्यायचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. दुकानदाराने ऐकलंच नाही तर दोन हजार युरोपर्यंतच्या तक्रारी पंचवीस युरो भरून, वकील न लावता, स्मॉल क्लेम्सकडे नेता येतात. पण नुसती पसंत पडली नाही म्हणून दुकानातून घेतलेली वस्तू परत करायचा हक्क तेव्हाही नव्हता, आजही नाही. तिथे दुकानाची मर्जी. घरबसल्या मागवलेल्या मालाला चौदा दिवस मिळतात ते वेगळं. आणखी एक बारीक गोष्ट. वस्तू कशासाठी हवी आहे हे आधी सांगितलं असेल तर ती त्या कामाला योग्य हवी. मी सांगितलं काय होतं? "घरासाठीच." एका डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या, उन्हात फोटो काढणाऱ्या वडिलांसाठी, असं म्हटलं असतं तर त्या गृहस्थांनी मला तो कॅमेरा विकलाच नसता.

आबांना हे सगळं गाडीत सांगितलं. ग्राहक चळवळ त्यांना नवी नव्हती. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तिच्याबद्दल ते पेपरातून वाचत आले होते. १९८६ चा आपल्याकडचा ग्राहक कायदा आल्यावर तर पक्की पावती घेतल्याशिवाय ते खिळेसुद्धा आणत नसत. म्हणाले, "हक्क मागताना आवाज चढवावा. मर्जी मागताना खरं बोलावं."

दुकानात तेच गृहस्थ होते. मी कॅमेरा, पावती आणि पलंगाखालचा खोका, पिशव्यांसकट, काउंटरवर ठेवला. त्यांनी विचारलं, "काही बिघाड आहे का?"

मी शब्द जुळवत होतो. आबा पुढे झाले आणि सरकारी पत्रव्यवहाराच्या इंग्रजीत म्हणाले, "नो फॉल्ट, सर. फॉल्ट इज इन माय आय."

ते गृहस्थ क्षणभर बघत राहिले. मग विचारलं, "कुठला डोळा?" त्यांच्या आईचंही तेच ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दोघांचं मोतीबिंदूवर दहा मिनिटं बोलणं झालं, मी नुसता उभा. मग त्यांनी सरळ सांगितलं की वापरलेली वस्तू असल्यामुळे पैसे परत देता येणार नाहीत, पण बदलून द्यायला त्यांची ना नाही. "नो बॉदर," म्हणाले, जे इथले लोक कुठल्याही संकटाला म्हणतात. खालच्या फळीवरून त्यांनी एक जाडजूड कॅमेरा काढला. मेगापिक्सेल कमी, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, किंमत १३९ युरो. आणि वरच्या कोपऱ्यात डोळा लावायची छोटीशी खिडकी.

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, ऑपरेशन झालेला डोळा खिडकीला लावला आणि हळूच म्हणाले, "दिसतंय."

नव्वद युरोची क्रेडिट नोट मिळाली. त्यातून रिचार्जचे सेल आणि चार्जर घेतला, बाकीची पुढे मुलांच्या कामी आली. सेल घालून चालतो का बघू या म्हणत आबांनी पहिला फोटो तिथेच काढला.

उरलेले अडीच महिने आबा दिवसाला बाराच फोटो काढत. कार्डात शेकडो मावतात असं सांगूनही नाही. तेरावा फोटो उद्या. लॉकची दारं, त्यांच्या बिजागऱ्या, झडपा, दगडांचे सांधे, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा. रेसकोर्सवर घोडा पळताना बटण दाबलं की फोटोत शेपूट यायचं, म्हणून त्यांनी घोडे उभे असतानाच काढले. परत जाताना कॅमेरा फलटणला नेला आणि माझ्या आठवणीप्रमाणे कालवा विभागातल्या जुन्या सहकाऱ्यांना बोलावून नासचे लॉक टीव्हीवर दाखवले. चहासकट.

आबांना जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या वेळी घर आवरायला गेलो तेव्हा कपाटात कॅमेरा सापडला. खोक्यात, पिशव्यांसकट, आणि वर दुकानाची पावती घडी घालून. लेक आता वीस वर्षांची आहे, तिने कार्ड लॅपटॉपला लावलं. कालवा, कालवा, आई, कालवा, नात, बॉल, कालवा. माझा फोटो अख्ख्या कार्डात एकच, अगदी पहिला. दुकानाच्या काउंटरपाशी मी उभा आहे, हातात पावती, चेहरा पडलेला. फ्रेम मात्र अगदी बरोबर.