पाळीचं पाणी

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा वार असतो. त्या दिवशी घरातलं एक माणूस हमखास घरी थांबतं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माझ्या घरीही वेगळं काही नाही. म्हणूनच अल ऐनला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीनं मला जिथं नेऊन उभं केलं, तिथून माझा पाय निघेना.

खजुरांची दाट राई होती. माथ्यावर झावळ्यांचं छत, त्याखाली आंब्याची आणि अंजिराची झाडं, वाटेच्या दोन्ही बाजूंना मातीच्या रंगाच्या बुटक्या भिंती आणि भिंतीच्या कडेनं झुळझुळ वाहणारा हातभर रुंदीचा पाट. पाणी इतकं नितळ की तळाचा खडान्‌खडा दिसावा. आदल्या दिवशी दुबईहून येताना दीड तास तांबड्या वाळूच्या टेकड्यांखेरीज मी काही पाहिलं नव्हतं.

"मामा, हा फलज," भाची म्हणाली. "तुम्हाला बघायचा होता ना?"

बघायचा होताच, पण मला बोलावलं होतं वेगळ्या कामासाठी. जावई नऊ वर्षं अल ऐनमध्ये नोकरी करतात. त्यांना रास अल खैमाच्या एका कारखान्यातून विचारणा झाली होती. पगार बरा, घरभाडं वेगळं. मुलगी दुसरीत. "मामा, तुम्ही दोन्ही गावं बघा आणि मोकळेपणानं सांगा, कुठं राहावं," असं जावयांनी फोनवर म्हटलं होतं. आपल्याकडे अमिराती म्हटलं की दुबईचे मनोरे डोळ्यांपुढं येतात. ही दोन शहरं त्या चित्रात बसत नाहीत. अल ऐन हे अबू धाबी अमिरातीतलं आठ लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, ओमानच्या सीमेला खेटून, समुद्रापासून दूर. रास अल खैमा ही उत्तर टोकाची स्वतंत्र अमिरात. वस्ती साधारण निम्मी, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला हजर पर्वत.

अल ऐनची ती राई सुमारे १,२०० हेक्टरांवर पसरली आहे. तिच्यात दीड लाखाच्या घरात खजुरीची झाडं आहेत आणि शंभराहून कमी नाहीत इतके त्यांचे वाण. इतक्या झाडांना वाळवंटात पाणी पाजायचं कसं, याचं उत्तर तो हातभराचा पाट आहे. डोंगराच्या पायथ्याशी, जिथं भूजल वर आहे, तिथं एक खोल विहीर घेतात. तिला म्हणतात उम्म अल-फलज, फलजाची आई. तिथून गावाच्या दिशेनं जमिनीखालून बोगदा काढतात, अगदी जेमतेम उतार देत. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडतं, कमी झाला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी पाडतात. आधी त्यांतून माती वर येते आणि पुढं गाळ उपसायला माणूस आत उतरतो. पाणी स्वतःच्या ओढीनं गावाच्या वेशीपर्यंत येतं. मोट नको, पंप नको, आणि वाटेत ऊन त्याला शिवत नाही.

मी तिथंच भिंतीवर टेकलो. हे मी आधी पाहिलं होतं, आपल्याच गावात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरानं खडकी वसवली, तीच पुढं औरंगाबाद झाली. तिच्यासाठी त्यानं जमिनीखालून पाणी आणलं ते याच तत्त्वानं. त्या नहर-ए-अंबरीचे उसासे, म्हणजे हवेसाठी बांधलेले मनोरे, अजूनही शहरात कुठं कुठं उभे आहेत. लहानपणी पाणचक्कीच्या हौदाशी तासन्‌तास खेळलो, पण ते पाणी कुठल्या कुळातलं हे कळलं नव्हतं. अल ऐनच्या हिली भागात सापडलेला फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. हिली, जबल हफीत डोंगराच्या पायथ्याच्या पाच हजार वर्षांच्या दगडी समाध्या, बिदा बिंत सऊदचे प्राचीन अवशेष आणि इथल्या खजुरीच्या राया मिळून २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या.

बांधकामापेक्षाही मला थक्क केलं ते पाण्याच्या वाटपानं. फलजाचं पाणी मोजायचं ते वेळेनं. अमक्या बागेला इतका वेळ, मग दार बंद, पुढच्या बागेचं दार उघडं. यावर नजर ठेवणाऱ्या माणसाला अरीफ म्हणतात. आपल्या पाटकऱ्याचाच भाऊ. पाळी, पाळीपत्रक, शेवटच्या शेताला पाणी पोचतं की नाही यावरून होणारी भांडणं, यांत माझं आयुष्य गेलं. धुळ्याकडं पांझरेकाठी फडाच्या पद्धतीत शेतकरी शतकानुशतकं असंच पाणी वाटून घेत आले. अरबी न कळणारा मी त्या दगडी दारांपाशी उभा राहिलो आणि सगळं कळत होतं.

शेख झायेद १९४६ ते १९६६ अशी वीस वर्षं याच भागाचे कारभारी होते. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ते पुढं झाले. त्यांच्या कारभाराच्या सुरुवातीला तेलाचा पैसा आलेला नव्हता. बुजलेले फलज त्यांनी उपसून घेतले, नवा फलज खोदायला घेतला आणि पाण्यावरचे मोजक्या घराण्यांचे हक्क मोडून ते सगळ्या बागांना खुलं केलं. पाण्याचे हक्क सोडवणं किती अवघड असतं हे मी शिवारात उभं राहून पाहिलंय. म्हणून या गावात त्यांचं नाव इतक्या मायेनं का घेतात, याचं मला कोडं पडलं नाही.

आता भूजल खोल गेलंय आणि या जुन्या पाटांना पंपाचा आधार द्यावा लागतो. घरात नळाला येणारं पाणी समुद्राचं, फुजैराच्या किनाऱ्यावर गोडं करून नळानं डोंगरापलीकडून आणलेलं. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पावसाचा हा देश. पण १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनच्या खत्म अल शक्ला भागात चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला. भाची सांगत होती, "मामा, अंगणातून पाणी वाहत होतं आणि लेक विचारत होती, आई, पावसाळा असाच असतो का गं?"

राहायला हे शहर कसं? इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, त्यामुळं घरातून आकाश दिसतं. संध्याकाळी जबल हफीतचा साडेबाराशे मीटरांचा कडा जांभळा होतो आणि चौकातल्या बायका क्षणभर थांबून बघतात. हवा कोरडी आहे. उन्हाळ्यात तापमान पंचेचाळीसच्या पुढं जातं, पण सावलीत घाम निथळत नाही. १९७६ साली स्थापन झालेलं देशातलं पहिलं विद्यापीठ इथं आहे, मोठी रुग्णालयं आहेत, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत मल्याळी दुकानदार भाचीशी हिंदीत बोलतो, तिच्यासाठी शेंगदाणे आणि ज्वारीचं पीठ ठेवतो. गाडी नसेल तर मात्र माणूस अडून बसतो. गणपतीसाठी मराठी मंडळी गाठायची तर अबू धाबी नाहीतर दुबई, दोन्हीकडं दीड तास. कामंही मोजकीच. नोकरी गेली की दुसरी याच गावात मिळेल याची शाश्वती नाही.

चौथ्या दिवशी आम्ही रास अल खैमाला निघालो. तीन तासांत जमीन बदलली. वाळू फिकट झाली, हवा दमट झाली, चष्म्याच्या काचेवर वाफ धरली. खाडीनं शहराचे दोन भाग केलेत. एकीकडं जुनं गाव, दुसरीकडं अल नखील, म्हणजे खजुरीच. खाडीत तिवरांचं बन, त्यात बगळे.

जावयांच्या मित्राच्या घरी उतरलो. कुटुंब रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. वहिनींनी सुरमईचं कालवण वाढलं आणि खिडकीकडं हात करून म्हणाल्या, "भावजी, सकाळी ही खाडी बघितली की दिवस जातो हो माझा. तुमच्या त्या अल ऐनला मी गेले होते. सुंदर आहे, पण जीव घाबरला. पाण्याचं टोकच दिसत नाही कुठं."

माणूस कुठल्या पाण्याकाठी वाढला त्यावर त्याचं गाव ठरतं, हे मला त्या जेवणावर उमगलं. मला पाटाकाठी जे वाटलं, ते त्यांना खाडीकाठी वाटत होतं.

आणि वहिनींच्या किनाऱ्याचं या किनाऱ्याशी नातं जुनं आहे. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. १९६६ पर्यंत या आखाती मुलखात भारतीय रुपया चालत होता आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँक खास इथल्यासाठी वेगळ्या नोटा छापत होती. कडू आठवणही आहे. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८१९ च्या अखेरीस, मुंबईहून इंग्रजांचं आरमार रास अल खैमावर चालून आलं. त्यात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या. शहर पडलं, पाठोपाठ ढाया टेकडीवरचा किल्लाही पडला. मी त्या टेकडीच्या पायऱ्या चढलो. वर दोन मातकट बुरूज, खाली खजुरीची हिरवी पट्टी आणि पलीकडं समुद्र. नुकतंच स्वतःचं राज्य गमावलेल्या मुलखातले शिपाई दुसऱ्याचा किल्ला पाडायला इथं उभे होते. बराच वेळ मला तिथून उतरवेना.

दुसऱ्या दिवशी जबल जैस. देशातला सर्वांत उंच डोंगर. सह्याद्रीच्या माणसाला डोंगर म्हटला की हिरवं दिसतं. इथं गवताची काडी नाही, नुसता करडा दगड, घड्यांवर घड्या पडलेला. पण जरा निरखून पाहिलं आणि मी गाडी थांबवायला लावली. उतारांवर दगड रचून केलेल्या ताली होत्या! शिहू नावाचे डोंगरी लोक पावसाचं पाणी अडवून त्या तालींत गहू-जव पिकवत. उन्हाळ्यात खाली उतरताना धान्य ज्या घरात ठेवत त्याचं नाव बैत अल-कुफ्ल, कुलपाचं घर. आतले रांजण दारापेक्षा मोठे, म्हणजे आधी रांजण ठेवायचे आणि मग भोवती घर बांधायचं. चोरानं रांजण न्यायचा तरी कसा?

राहण्याच्या दृष्टीनं रास अल खैमाचं पारडं हलकं नाही. घरभाडं दुबईपेक्षा पुष्कळ कमी, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, मासे ताजे. काम भरपूर आहे. फरशा आणि चिनीमातीच्या वस्तूंचा प्रचंड उद्योग, १९८० पासूनचा औषधांचा कारखाना, सिमेंट, डोंगर फोडून जहाजांनी परदेशी जाणारी खडी. खाणींकडच्या रस्त्यावर ट्रकांची रांग संपत नाही आणि वारा तिकडून असला की बाल्कनीतल्या तुळशीवर धूळ बसते. किनाऱ्यावर हॉटेलं झपाट्यानं उठताहेत. शहर वाढीला लागलंय.

परतताना जझीरत अल हमरा पाहिलं. प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं मोती काढणाऱ्यांचं गाव. जपानी कल्चर्ड मोत्यांनी धंदा बसला आणि १९६८ च्या सुमारास लोक गाव सोडून गेले. घरं, मशीद, अंगणं अजून उभी आहेत. भिंतींतून शिंपले डोकावतात. भाचीची लेक एका उंबरठ्यावर बसून म्हणाली, "मामाआजोबा, हे लोक परत का नाही आले?" मी काय सांगणार? समुद्रातला मोती धुंडाळावा लागतो, ज्याला सापडेल त्याचा. फलजाचं पाणी मात्र वाटूनच घ्यावं लागतं, आणि वाटायचं तर शेजारी धरून ठेवावा लागतो. मोत्याचं गाव ओस पडलं आणि पाटाचं गाव तीन हजार वर्षं नांदतंय, यामागं मला तरी हेच दिसलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या राईत गेलो. लेकीनं पाटात झावळीची काडी सोडली आणि तिच्यामागं धावत सुटली. मागं एका माळ्यानं दार पाडलं, पाणी ओसरलं, काडी तळाशी टेकली. "पाणी संपलं!" ती ओरडली.

"संपलं नाही बाळा, पाळी बदलली," मी म्हटलं.

भाची हे ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आमचंही असंच आहे, मामा. नोकरी आहे तोवर व्हिसा. ही इथंच जन्मली, तरी इथली नाही. काहींना दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, पण आपली म्हणावी अशी पाळी किती हे कुणालाच ठाऊक नसतं. मग कुठं राहावं याचा एवढा विचार तरी कशाला करायचा?"

मी तिला माझ्या नोकरीतली गोष्ट सांगितली. कालव्याच्या टोकाकडच्या शेतकऱ्याला पाळी लहान मिळते. त्यातले काही म्हणतात, एवढ्याशा पाण्यात काय होणार, आणि बांधावर बसून राहतात. काहींची सरी आदल्या रात्रीच तयार असते. पाणी आलं की थेंब वाया जात नाही. त्यांची शेतं मी पाहिली आहेत. पाळी संपल्यावरही ओल कितीतरी दिवस टिकते.

रात्री जावयांना सांगितलं, "पैशाचा हिशेब तुम्ही मांडा, तो माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला कळतो. नोकरीची काळजी जाळत असेल तर रास अल खैमा वाईट नाही, आणि समुद्र ज्याचा आहे त्याला ते सोन्यासारखं गाव आहे. पण तुम्ही दोघं पाटाकाठची माणसं. लेक दुसरीत आहे. तिची ओल धरण्याची वर्षं आहेत ही. ती जिथं रोज संध्याकाळी काडी सोडून धावू शकते, तिथं राहा."

जावई थोडा वेळ गप्प बसले. मग उठून गॅलरीत गेले आणि कढीपत्त्याची कुंडी उन्हाच्या जागेवरून सावलीच्या कोपऱ्यात सरकवली. ती कुंडी महिनाभर तिथंच होती, जायचं की राहायचं ठरेना म्हणून कुणी हलवली नव्हती.